आकाशातल्या घरात झाडू कोण मारतो?

१९६८ साली स्टॅनले कुब्रिक यांचा '२००१: अ स्पेस ओडिसी' हा चित्रपट आला. त्यातल्या अंतराळ स्थानकात आम्हीही पडद्यावरून फेरफटका मारला. चाकासारखे हे स्थानक फिरत राहते, म्हणूनच आतल्या माणसांचे पाय फरशीला टेकतात. एक बाप तिथून लेकीला फोन करतो, वाढदिवसाला येता येणार नाही म्हणतो. पाळीवर जाणाऱ्या बापांना हे नवे नाही.

पण एवढी पांढरीशुभ्र फरशी पुसतो कोण? झाडूवाला कुठेच दिसला नाही.

उत्तर खऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात आहे. तिथे २००० सालापासून माणसे सलग राहत आली आहेत. शनिवारी सगळे मिळून सफाई करतात. शौचकूप बिघडले तर अंतराळवीरच दुरुस्त करतात. वाचकहो, हे काम तिथे कुणाच्या जन्माला चिकटलेले नाही.