गाडी ज्याच्या नावावर, पत्र त्याच्या दारावर

रत्नागिरी-रायगडकडच्या बऱ्याच मुस्लिम घरांतले कोणी ना कोणी ब्रिटनमध्ये आहे. पहिली पिढी कारखान्यांत राबली, पुढची दुकाने आणि कचेऱ्यांत रुळली. पण एक भीती अजून गेलेली नाही. टपालाने आलेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत रक्कम आणि मुदत छापलेली असली, की तो सरकारी समजायचा आणि मुकाट्याने पैसे भरून मोकळे व्हायचे. परक्या मुलुखात वाद नको, ही त्यामागची समजूत.

उन्हाळी सुट्टीत आम्ही मुलांसह बर्मिंगहॅमला आपांकडे होतो, तेव्हा असा एक कागद आमच्यासमोरच आला. दुल्हेभाईंच्या नावे पाकीट होते. आत त्यांच्या गाडीचे दोन फोटो होते, एक आत शिरतानाचा आणि एक बाहेर पडतानाचा. ११ मे रोजी एका दुकानसंकुलाच्या आवारात गाडी दोन तासांच्या मुदतीपेक्षा बावीस मिनिटे जास्त उभी होती, म्हणून १०० पौंड भरा. १४ दिवसांत भरल्यास ६० पौंड. आपल्या हिशेबाने शंभर पौंड म्हणजे दहा हजारांहून अधिक रुपये. दुल्हेभाईंनी लगेच बँकेचे कार्ड काढले. आपा म्हणाल्या, "थांबा. आधी वाचू तरी या."

आम्ही पडलो शिक्षक. वर्गात मुलांना उतारा देऊन खालचे प्रश्न सोडवायला लावतो, तसाच तो कागद घेऊन बसलो. पहिला प्रश्न: हे पाठवले कोणी? पत्र नगरपालिकेचे नव्हते, पोलिसांचेही नव्हते. आवार सांभाळणाऱ्या एका खासगी कंपनीचे होते. इथे लोकांची गफलत होते. नगरपालिकेच्या नोटिशीला 'पेनल्टी चार्ज नोटीस' म्हणतात आणि खासगी कंपनीच्या कागदाला 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोन्हींचे लघुरूप 'पीसीएन'च. पण पहिला कायद्याने बसवलेला दंड असतो, तर दुसरे कराराच्या नावाने केलेले मागणे. आवारातल्या फलकावर अटी लिहिलेल्या असतात. गाडी लावणाऱ्याने त्या मान्य केल्या, असे कंपनी धरून चालते.

मग दुसरा प्रश्न येतो. करार झाला तो गाडी लावणाऱ्याशी, मग पत्र दुल्हेभाईंना का? कारण नोंदणीत ते 'रजिस्टर्ड कीपर', म्हणजे गाडी ज्यांच्या नावावर नोंदलेली आहे ते. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याकडून, म्हणजे डीव्हीएलएकडून, अशा कंपन्या अडीच पौंड शुल्क भरून नाव-पत्ता मिळवतात. चालक कोण होता, हे मात्र त्या खात्याला माहीत नसते. कॅमेऱ्यालाही नंबरप्लेट दिसते, माणूस नाही.

पूर्वी खासगी जागेत गाडी चुकली, तर चाकाला क्लॅम्प लावून पैसे उकळत. २०१२ च्या 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स' कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये ते बंद केले. त्याच्या बदल्यात कंपन्यांना एक नवा हक्क मिळाला: चालक कळला नाही, तर रक्कम नोंदणीधारकाकडून मागता येईल. पण हा हक्क अटींसह आहे आणि अटी त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आहेत. गाडीवर नोटीस न चिकटवता फक्त कॅमेऱ्यावरून मागणे असेल, तर धारकाला नोटीस १४ दिवसांत पोहोचली पाहिजे. हे दिवस गाडी उभी होती त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचे. काचेवर आधीच नोटीस लावली असेल, तर २८ दिवस थांबून त्यापुढच्या २८ दिवसांत धारकाला पत्र मिळायला हवे. गाडी किती वेळ उभी होती, कोणत्या जागी, पैसे कोणाला देणे आहे, हे सारे त्यात असले पाहिजे. अटी चुकल्या, तर धारकावरची जबाबदारी संपते. चालकाकडे मागायला कंपनी मोकळी असते, पण आधी तिला चालक माहीत हवा.

आता दिवस मोजा. ११ मेची घटना, म्हणजे १४ दिवस २५ मेला संपतात. पत्रावरची तारीखच २९ मे होती आणि ते घरी आले १ जूनला. दुल्हेभाईंना प्रत्येक पाकिटावर आल्याची तारीख टाकायची जुनी सवय. ती त्या दिवशी कामी आली.

तरीही आपांनी विचारलेला प्रश्न आमच्या मनात राहिला. "बावीस मिनिटे तर जास्त झालीच ना? मग तारखेच्या आडोशाने सुटायचे, हे बरे दिसते का?" प्रश्न खरा होता. आम्ही दोन पावले ठरवली. पहिले, ज्या दुकानात त्या दिवशी खरेदी झाली होती, तिथल्या व्यवस्थापकाला पावतीसह कळवायचे. दुकानाने सांगितले तर कंपनी मागणे मागे घेऊ शकते. दुकानाचे उत्तर आले नाही. दुसरे, कंपनीला लिहायचे, पण त्यात एक अक्षरही खोटे लिहायचे नाही. दुल्हेभाईंचे म्हणणे, "मला जे विचारायचा त्यांना हक्क नाही, ते सांगायला मी बांधलेला नाही. पण दुसऱ्याच कोणी गाडी चालवली, अशी थाप मारणार नाही." गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांतली रेघ त्यांनी अशी आखली आणि आपांनाही ती पटली. खासगी कंपनीला चालकाचे नाव कळवण्याचे कायदेशीर बंधन धारकावर नाही. त्या घरात गाडी तिघे चालवतात. त्या दिवशी कोण चालवत होते, ते आम्ही या लेखातही सांगणार नाही.

पत्र अर्ध्या पानाचे झाले. "मी या वाहनाचा नोंदणीधारक या नात्याने लिहीत आहे. आपली नोटीस कायद्याने ठरवलेल्या १४ दिवसांत मला मिळालेली नाही. त्यामुळे धारक म्हणून माझ्यावर जबाबदारी येत नाही. चालकाचे नाव मी कळवत नाही." बस्स. यात जपायची गोष्ट एकच: "मी गाडी लावली", "आम्हाला उशीर झाला" असे एकही वाक्य नको. ते लिहिले की चालक कोण हे आपणच सांगितले आणि धारकाचे संरक्षण गेले. सगळीकडे "चालक" हाच शब्द ठेवावा.

कंपनीने पत्र नाकारले आणि दाद मागण्यासाठी एक क्रमांक दिला. ती कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सदस्य असल्याने २८ दिवसांत 'पोपला' या लवादाकडे जाता येत होते. गाडीवाल्याला तिथे काही शुल्क नाही आणि तिथला निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, गाडीवाल्यावर नाही. तोच मुद्दा तारखांसह पुन्हा मांडला. आम्ही परतून शाळा सुरू झाल्यावर आपांचा फोन आला: कंपनीने मागणे मागे घेतले.

म्हणून असे प्रत्येक पत्र केराच्या टोपलीत टाकावे, असे कोणी समजू नये. "खासगी पार्किंगचे पैसे द्यावेच लागत नाहीत" ही ऐकीव गोष्ट घातक आहे. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'पार्किंगआय विरुद्ध बेव्हिस' खटल्यात, दोन तासांची मुदत ५६ मिनिटांनी ओलांडल्याबद्दलचे ८५ पौंड योग्य ठरवले. न्यायालयाचा दावा आला आणि उत्तर दिले नाही, तर निकाल आपोआप विरुद्ध जातो. महिन्याभरात रक्कम भरली नाही तर त्याची नोंद सहा वर्षे राहते आणि घराचे कर्ज मिळणे अवघड होते. नोटीस वेळेत आली असेल, फलक स्पष्ट असतील आणि चूक आपलीच असेल, तर सवलतीच्या मुदतीत पैसे भरणे हेच नीट. करार हा करारच.

आणखी एक इशारा. ही गप्प राहण्याची सोय पोलिसांपुढे चालत नाही, ना तिथे, ना इथे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारले तर चालकाची माहिती देणे मालकाला भाग आहे. म्हणून कागद हाती आला की आधी पाहावे: पाठवणारा कोण, कोणत्या नात्याने मागतो आणि कोणत्या तारखेला. सुट्टीत नातेवाइकांची गाडी तुम्ही चालवणार असाल, तर फलक वाचा आणि वेळ लिहून ठेवा. पत्र तुमच्या नव्हे, त्यांच्या दारावर जाणार आहे.