यादी लागल्यावर

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्यावर निवड समितीत बसण्याची वेळ बहुधा कधी आली नसावी. पाळण्यात पाय दिसतात हे खरे. पण ते पुढे कोणत्या वाटेला लागतील आणि कुठे ठेचाळतील, हे पाळणा हलवणाऱ्याला दिसत नाही. सारी उमर पारख करण्याच्या व्यवसायात घालवल्यानंतर मी हे लिहितो आहे. तेव्हा या लेखात थोडी कबुलीही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा व्यवसाय माणसांच्या पारखीचा नव्हता, लोखंडाच्या पारखीचा होता. भुसावळजवळ तापीच्या काठी वाढलो आणि हीच तापी जिथे समुद्राला मिळते, त्या हजीऱ्याला पोटापाण्यासाठी आलो. खाडी, तिवरांची झाडी, पलीकडे सुंवाळीचा किनारा आणि मधोमध धुराड्यांची रांग, असा तो मुलूख. तिथल्या एका कारखान्याच्या परीक्षणशाळेत मी नोकरी केली. घरात जसा चकल्यांचा घाणा असतो, तसा पोलादाचाही घाणा असतो. कारखान्यात त्याला 'हीट' म्हणतात. प्रत्येक हीटला क्रमांक असतो. तिचा एक लहानसा तुकडा आमच्याकडे येई. त्यात कार्बन किती, गंधक किती, हे यंत्र काही मिनिटांत सांगे. मग मधे बारीक आणि टोकांना जाड असा कातलेला नमुना दोन जबड्यांत धरून ताणायचा, तो तुटेपर्यंत ताणायचा, आणि कोणत्या भाराला तुटला ते नोंदवायचे. तुकडा तुटला की त्याची भावंडे असलेले पत्रे पास होऊन जहाजावर चढत. या कामात एक प्रकारची शांतता होती. निकाल दिला की मागे वळून पाहावे लागत नसे.

तरुणपणी मी जिल्हा पातळीवर कबड्डी खेळलो होतो. डाव्या कोपऱ्यात उभा राहत असे. ही गोष्ट कुणाच्या तरी कानावर गेली आणि २००४ साली आमच्या संघाच्या पुनर्बांधणीचे काम माझ्याकडे आले. संघ म्हातारा झाला होता. बहुतेक खेळाडू चाळिशीकडे झुकलेले. चढाईला गेले की परत येताना धापा टाकायचे. आठ तरुण घ्यायचे, त्यांना शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतन द्यायचे आणि तीन वर्षांत संघ उभा करायचा, असे ठरले. ज्यांचे बरे चालेल त्यांना पुढे नोकरीत सामावून घेण्याचेही आश्वासन होते. आठ जागांसाठी दीडशेच्या वर मुले आली. निम्म्याहून अधिक उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतली होती. म्हणजे आपल्याच खानदेशातून यंत्रमागांवर आलेल्या कुटुंबांतली. त्यांना आठ जागा कबड्डीच्या दिसत नव्हत्या. त्यांना दिसत होता कायमचा पगार.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे तक्ता आखला. उंची, वजन, मांडीची ताकद, तीस सेकंदांतल्या हालचाली, बोनस रेषेपर्यंतची झेप, घोटा धरल्यावर सुटण्याची धडपड. प्रत्येकाला दहापैकी गुण. शेवटचा रकाना शेऱ्याचा. आमचे वयोवृद्ध प्रशिक्षक, ज्यांना सारे दादा म्हणत, त्यांनी तक्त्याकडे पाहिले आणि म्हणाले, "साहेब, यात पोरगा कुठे लिहायचा?" मी हसलो. मला तो विनोद वाटला.

त्या मुलांत लिंबायतचा एक सडपातळ मुलगा होता. त्याच्या पहिल्या चढाईत मला काही तरी वेगळे दिसले होते, हे मी आज नाकारत नाही. तो रक्षकांच्या डोळ्यांकडे पाहत नव्हता, पायांकडे पाहत होता. कुणाचा भार कोणत्या पावलावर आहे हे ज्याला वाचता येते, त्याला बाकीचे शिकवता येते. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या चढाईत तो निदान रेषा ओलांडून नुसता उभा राहिला. दम चालू होता, पाय चालत नव्हते. तिसऱ्या वेळी तर तो परतच फिरला. मी शेरा लिहिला: 'दम आहे, धाडस नाही.' चार शब्द. गुणांच्या बेरजेत तो अकरावा आला.

यादी संध्याकाळी फलकावर लागली. दुसऱ्या दिवशी दादा परीक्षणशाळेत आले. यंत्राचा आवाज थांबेपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तो लिंबायतचा पोरगा बारा तासांची रात्रपाळी करून आला होता. मागावरून उतरला, दोन गाड्या बदलल्या आणि थेट मैदानात. चहाशिवाय पोटात काही नव्हते." मी विचारले, "मग त्याने सांगितले का नाही?" दादा म्हणाले, "तुम्ही विचारले नाही."

त्या क्षणी यादी बदलणे शक्य होते. एका सहीचे काम होते. पण यादी लागली होती. आठव्या क्रमांकाच्या मुलाच्या घरी पेढे वाटले गेले असतील, लोक वशिल्याचा संशय घेतील, तक्त्याची शिस्त मोडेल, अशी सगळी कारणे माझ्याजवळ तयार होती आणि त्यांतले एकही खोटे नव्हते. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी तो आला नाही. पुढे त्याचे काय झाले, हे मला ठाऊक नाही. त्याने कुठल्या मंडळाकडून मैदान गाजवले आणि माझी चूक चारचौघांत सिद्ध केली, असे काही घडले असते तर मला बरेच वाटले असते. तसे काहीही माझ्या कानावर आले नाही.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि २०१७ मध्ये तीत गुजरातचा संघ आला. वास्तविक माझे मन पुणेरी पलटणकडे ओढ घेणारे. पण ज्या भूमीचे मीठ खाल्ले, तिच्या संघालाही जिंकताना पाहावेसे वाटे. मनप्रीत सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली तो नवखा संघ पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत गेला आणि पाटण्याकडून ५५-३८ असा हरला. सचिन तंवर, सुनील कुमार, परवेश भैंसवाल ही तोवर फारशी कुणाला माहीत नसलेली मुले या संघाने हेरली होती. पारख असावी तर अशी, असे मी क्लबात बसून सर्वांना सांगत असे.

५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत पुन्हा अंतिम सामना झाला, गुजरातविरुद्ध बेंगळुरू. मध्यंतराला गुजरात पुढे होता. त्यानंतर बेंगळुरूच्या पवन सेहरावतने जे केले, ते कबड्डीच्या चाहत्यांना पाठ आहे. एकट्याने २२ गुण, आणि सामना ३८-३३ असा बेंगळुरूकडे. क्लबातला माझा शेजारी हळूच म्हणाला, "हा तर आपलाच होता ना?" खरे होते. २०१७ च्या हंगामात पवन गुजरातकडेच होता. त्याला फारशी संधी मिळाली नाही, जमाही थोडेच गुण झाले, आणि पुढच्या हंगामात तो दुसऱ्या संघातून उतरला. ज्या डोळ्यांनी सचिनला ओळखले, त्याच डोळ्यांसमोरून पवन निघून गेला होता. सारे टाळ्या वाजवत होते. मला मात्र चौदा वर्षांपूर्वीचे चार शब्द आठवत होते.

पवनच्या बाबतीत निदान दुसरे दार उघडे होते. जगाला त्याची पारख करण्याची आणखी एक संधी मिळाली. लिंबायतच्या मुलासाठी पारख करणारे जग म्हणजे मी, आणि मी रविवारची एक सकाळ त्याला दिली होती.

त्यानंतर मी पुणेरी पलटणची घडण अधिक बारकाईने पाहू लागलो. २०१९ मध्ये हा संघ बारा संघांत दहावा आला होता. २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या हंगामासाठी राहुल चौधरी, नितीन तोमर अशी नामांकित मंडळी संघात होती. त्याच हंगामात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही दोन नवी मुले चढाईला जाऊ लागली. अस्लम आपल्या नगर जिल्ह्यातला. आता अहिल्यानगर म्हणायचे. प्रेक्षकांविना खेळल्या गेलेल्या त्या हंगामात ही मुले पडली, उठली, चुकली. पण त्यांना पुन्हा पुन्हा चढाईवर पाठवले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ असा हरला. तरीही गाभा मोडला नाही. पुढच्या हंगामात साखळीतल्या बावीस सामन्यांत त्यांनी फक्त दोन गमावले आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असे नमवून विजेतेपद मिळवले. अस्लम कर्णधार होता. त्या रात्री टीव्हीसमोर एकटाच बसून मी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने अस्लम बाहेर गेला आणि पलटण आठव्या क्रमांकावर घसरला, हेही नमूद केले पाहिजे. धीर धरला की फळ मिळतेच, अशी सोपी शिकवण यातून काढता येत नाही.

मग काढायचे ते काय? पुष्कळ विचारांती मला इतकेच उमगले आहे की परीक्षणशाळेतली नीती मी मैदानात नेली, तिथे चुकलो. पोलादाचा नमुना वेगळा आणि पत्रा वेगळा असतो. नमुना तुटला तरी पत्रा शाबूत राहतो. मुलाच्या बाबतीत नमुनाही तोच आणि पत्राही तोच. शिवाय पोलाद आमच्याकडे यायचे ते एका ठरावीक तापमानाला आणून. मुलगा मात्र येतो तो आपल्या रात्रीसकट. ती रात्र मोजायला यंत्र नाही, फक्त विचारावे लागते. निवड चुकणे हा गुन्हा नव्हे. दीडशेतून आठ निवडायचे तर एकशे बेचाळिसांना परत पाठवावेच लागते, आणि त्यांतला एखादा तरी आपल्याहून मोठा निघणारच. गुन्हा असेल तर तो चूक कळल्यानंतरच्या गप्प बसण्यात आहे. माझ्या शेऱ्यातले धाडस कुणाकडे नव्हते, हे मला आता नीट दिसते.

निवृत्तीनंतर आम्ही सुरतेतच राहिलो. उधन्याच्या एका मंडळाची मुले रविवारी सरावाला जमतात आणि मला 'काका, जरा बघा' म्हणून बोलावतात. मी जातो. तक्ता अजूनही नेतो. सवय सुटत नाही आणि गुणांशिवाय निवड करणे हा वशिल्यालाच आमंत्रण देण्याचा प्रकार आहे, असे मी आजही मानतो. फक्त वजनाच्या आधी एक रकाना वाढवला आहे. त्यात मुलगा रात्री किती वाजता झोपला आणि सकाळी काय खाऊन आला, ते लिहितो. गेल्या रविवारी एका मुलाने सांगितले, "काका, रात्रपाळी होती." मी वही मिटली, त्याला कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे खाऊ घातले आणि म्हणालो, "घरी जाऊन झोप. तुझी चढाई पुढच्या रविवारी पाहू."

'पुढे पाहू' हे शब्द मी पूर्वीही उच्चारले होते. या वेळी त्याचे नाव, पत्ता आणि तारीख वहीत लिहून घेतली आहे. तो आला नाही, तर मी लिंबायतला जाणार आहे.