उलटीची गोळी

कागदावर तिचं नाव ऑन्डान्सेट्रॉन. मात्रा चार किंवा आठ मिलिग्रॅम. जिभेवर विरघळणारा तिचा अवतार तर भलताच नाजूक. पट्टीतून दाबून काढली तर तुटते, ओला हात लागला तर विरघळू लागते. कोरड्या हातांनी पापुद्रा सोलून जिभेवर ठेवायची, बस्स. पाण्याचा घोटही ती मागत नाही. ज्याच्या पोटात पाणीच ठरत नाही, त्याची एवढी कदर क्वचितच कुणी करतं.

तिचा जन्म कॅन्सरच्या रुग्णांसाठी. १९९१मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. सिस्प्लॅटिनसारख्या औषधांमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, ते व्हेगस मज्जातंतूला चाळवतं आणि मेंदूला उलटीचा हुकूम जातो. ही नेमकी तिथे वाट अडवते. ती आली आणि केमोथेरपी सोसणं कितीतरी सुसह्य झालं. उलट्यांनी गळून गेलेल्या लहान मुलाला डॉक्टर तिची एक मात्रा देतात, तेव्हा ओआरएस पोटात ठरतं आणि पुष्कळदा सलाईन टळतं.

घाटात गाडी लागली तर मात्र तिचा फारसा उपयोग नाही. त्या उलटीची कळ कानाच्या आतून फिरते, तिथली औषधं वेगळी.

तिचेही दोष आहेत. डोकं दुखतं, शौचाला घट्ट होतं. काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय ती बिघडवते. म्हणूनच शिरेतून एकदम ३२ मिलिग्रॅम देण्याची मात्रा २०१२मध्ये अमेरिकेत मागे घेतली गेली. हृदयविकार, यकृताचा आजार, गर्भारपण, पोटॅशियमची कमतरता यांपैकी काही असेल, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक किंवा नैराश्यावरची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. पार्किन्सनवरच्या अपोमॉर्फिनबरोबर ती कधीही घेऊ नये.

सगळ्यात मोठा धोका तिच्या गुणातच आहे. ती उलटी थांबवते, उलटीचं कारण नाही. अपेंडिक्स सुजलं असेल, आतडं अडलं असेल, तर तिच्या शांततेत ते झाकलं जातं. उलटीत रक्त किंवा हिरवं पित्त दिसलं, पोट फुगलं, मूल मलूल पडलं, तर दुसरी गोळी शोधू नये, दवाखाना गाठावा.

ती काही तासांची उसंत मिळवून देते. त्या तासांत घोटघोट पाणी पाजणं, लघवी होते का पाहणं आणि दुखण्याचं मूळ शोधणं, हे काम माणसांचंच आहे.