ॲडिशन

तमाशातली बतावणी वहीत क्वचितच सापडायची. सरदाराने वाक्य टाकायचं, सोंगाड्याने त्याचा भलताच अर्थ लावायचा आणि ढोलकीवाल्याने वर थाप द्यायची, एवढं ठरलेलं. बाकी सगळं सोंगाड्याच्या जिभेवर. मुरलेला सोंगाड्या गावात उतरला की आधी टपरीवर बसून पाटील कोण, कुणाचं कुणाशी बिनसलंय याची टेहळणी करायचा. रात्री ती माणसं नाव न घेता बोर्डावर हजर. समोर कुणाच्या कपाळाला आठी पडली, तर टोमणा त्याच दमात स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायचा.

कवलापूरच्या काळू-बाळूंना तर वाक्याचीही घाई नसायची. ‘जहरी प्याला’त हे जुळे भाऊ पोलिसाच्या वेशात शेजारी उभे राहिले, की बोलण्याआधीच हशा.

1965 साली ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं. वसंत सबनीसांनी तमाशाचा बाज उचलून पांढरपेशा प्रेक्षकापुढे ठेवला. त्यातला दादा कोंडक्यांचा हवालदार ताज्या राजकारणावर संहितेत नसलेल्या, हव्या तशा ॲडिशन घ्यायचा. प्रयोगाला परवानगी देणारं परिनिरीक्षण मंडळ तपासायचं ती संहिता. दादांचा भाबडा चेहरा आणि वाक्यामागची थांबलेली नजर कुठल्या कागदावर असणार? पुढे 1971च्या ‘सोंगाड्या’पासून दादा पडद्यावर गाजू लागले. पडद्यावरचं वाक्य आज नगरला एक आणि उद्या सांगलीला दुसरं असं होत नाही. मग कागदावर सोवळं आणि कानाला ओवळं असं लिहायची सवय लागली. शेवटच्या काही चित्रपटांत तेच एक यंत्र चालू राहिलं. रंगमंचावरचा हवालदार त्यापेक्षा कितीतरी तल्लख होता.

दरम्यान 1961 पासून पु. ल. देशपांडे एकटेच उभे राहून अख्खी बटाट्याची चाळ सादर करत होते. तिथे प्रेक्षक स्वतःलाच हसत होता, म्हणून कुणाला लागलं नाही. चाळीबाहेरच्या माणसाला त्यात आपली जागा दिसते का, हा प्रश्न जरा उशिराच विचारला गेला.

टीव्हीने धंद्याचं गणित फिरवलं. ‘चला हवा येऊ द्या’ 2014 साली सुरू झालं, ‘हास्यजत्रा’ 2018 साली. नाटकातला नट हशा ओसरायची वाट बघतो. पुढचं वाक्य हशावर पडलं तर दोन्ही वाया. टीव्हीवर हसणाऱ्या परीक्षकाचा चेहरा कापून लावता येतो. प्रसंग घरोघरी फिरतो तो मात्र तुकड्यातुकड्याने. आगापिछा सुटलेली क्लिप अशा माणसाच्या फोनवर पोचते, ज्याच्या कपाळावरची आठी नटाला कधी दिसणारच नाही.

‘लोक फार चिडके झालेत’ हे वाक्य तालमीच्या हॉलमध्ये रोज ऐकू येतं. त्यात अर्धंच तथ्य आहे. चिडणारे तेव्हाही होतेच, फक्त ज्यांच्या रंगावर, जातीवर, बाईपणावर हसलं जायचं, त्यांना उत्तर द्यायला व्यासपीठ नव्हतं. तमाशाच्या गवळणीतली मावशी कृष्णाच्या सवंगड्याला, पेंद्याला, जागेवर गप्प करायची, पण तीही लुगडं नेसलेला पुरुषच. आता उत्तर रात्रीच्या आत येतं, नावासकट.

त्यामुळे स्किट लिहिणारा जातीच्या उल्लेखापाशी पेन थांबवतो, धर्माच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. बायकोच्या जाडीवरचा विनोद मात्र सुखेनैव चालू आहे. उद्या शूटिंग असलं आणि पान भरत नसलं, की तो आयता हाताशी असतो.