वाट चुकण्याचें सुख

परवां जुने कागद चाळतांना एक वही हातीं लागली. तींत एका कल्पित बेटाचे नकाशे होते. ‘पुलापुढें उजवीकडे’ असें धाकट्या भावाच्या किरट्या अक्षरांत लिहिलेलें. तें खोडून त्यावर आम्हीं वडीलकीच्या अधिकारानें ‘डावीकडे’ असें ठोकून दिलेलें!

तें बेट अमेरिकेंतील बेथेस्डा या संस्थेनें २००२ सालीं काढलेल्या ‘मॉरोविंड’ नामक संगणक-खेळांतलें. या प्रकारच्या खेळांत खेळणारानें एका पात्राचें सोंग घेऊन कथेंत शिरावयाचें असतें. येथें आपण बंदिवान म्हणून जहाजांतून उतरतों, आणि अमक्या गांवीं अमक्या गृहस्थास भेटा, एवढाच हुकूम मिळतो. पुढची वाट लोकांना विचारावी. नदीकांठानें जा, टेकडीला वळसा घाला, असें ते सांगत. तें लिहून घ्यावें आणि चुकावें. एकाच खुर्चीवर अर्धेअर्धे बसून एका गुहेच्या शोधांत आम्हीं उन्हाळ्याची सुटी घालविली.

२००६ सालीं त्याच मालिकेंतला ‘ऑब्लिव्हियन’ निघाला. त्यांत होकायंत्रावर इष्ट स्थळाची खूण दिसूं लागली. मोठ्या शहरीं, किंवा एकदां पाहिलेल्या जागीं, नकाशावरूनच जातां येऊं लागलें. पूर्वी पात्रांचें बहुतेक बोलणें वाचावयाचें असे. आतां तें नटांच्या आवाजांत ऐकूं आलें. लांबलचक पत्ता सांगणें मग महागच पडलें असावें. चित्रें सुंदर झालीं, पण वाट चुकण्याचें सुख गेलें, हें जुन्या रसिकांचें गाऱ्हाणें आजहि शमलेलें नाहीं. आम्हीहि त्यांच्यांतलेच.

वही सांपडल्यावर मोठ्या उत्साहानें आम्हीं तो जुना खेळ पुन्हां लाविला, आणि खरें सांगावयाचें तर तासाभरांत कंटाळलों. चाल मंद, तलवार डोळ्यांदेखत शत्रूच्या अंगाला लागते, पण आंतल्या हिशेबांत दान उलटें पडलें कीं वार फुकट! शेवटीं दुसऱ्या कोणीं लिहून ठेवलेला मार्ग आम्हीं चोरून वाचला. ज्या सोयीला वीस वर्षें नांवें ठेविलीं, तीच आम्हांस हवी होती.

मग चुकल्या-चुकल्यासारखें वाटत होतें तें कशामुळें? खुर्चीचा दुसरा अर्धा भाग रिकामा होता. घराच्या वाटणीवरून आम्हां भावांत तीन वर्षें अबोला आहे. तथापि जुन्या खेळाचें श्रेय अगदींच नाकारूं नये. खूण समोर दिसत असती, तर आम्हीं दोघांनीं भांडावें तरी कशावरून? त्या भांडणांतच आमचें सख्य होतें.

बऱ्याच विचारान्तीं त्या पानाचें छायाचित्र आम्हीं त्याला धाडलें. सोबत एक शब्दहि लिहिला नाहीं. रात्रीं उत्तर आलें: “गुहा उजवीकडेच होती, दादा. तेव्हांहि तूं ऐकलें नाहींस.”

येत्या रविवारीं आम्ही त्याच्याकडे जाणार आहों. वाट विचारूनच जाऊं म्हणतों.