एका लेकीचा प्रश्न

आज पिकाविषयी काही सांगणार नाही. एक चूक सांगणार आहे, आणि ती माझी स्वतःची आहे.

अकोल्याहून कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर करीत गेले की जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद लागते. तेथे डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, म्हणजे जवळजवळ सोळा गुंठ्यांची! आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला ती लोकांना पाहता येते. शाळांची मुले तेथे आपले प्रयोगही मांडतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका शाळेची मुले तेथे निघाली, तेव्हा मीही बरोबर होतो. नववीतील एक मुलगी तबकडीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "साहेब, पत्रा न लावता जाळी लावली, ती वारा निघून जावा म्हणून ना?" अगदी बरोबर! तारेच्या जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही वाचला. घरच्या टोमॅटोला बांबू रोवून तारा ओढणाऱ्या त्या पोरीला हे कोणी न सांगता कळले. मी तिला शाबासकी दिली आणि विसरून गेलो.

दहावीनंतर तिची शाळा सुटली. कॉलेज लांब, एसटीचा भरवसा नाही, घरात धाकटी भावंडे. तिच्या वडिलांना बियाणे, फवारणी, ठिबक सांगायला मी दहा वेळा बांधावर गेलो असेन. "पोरीला सायन्सला घाला," एवढे एक वाक्य सांगायला मात्र गेलो नाही. ते अजून मनाला लागून आहे.

पुढे जोसलिन बेल या शास्त्रज्ञ बाईंची हकीकत वाचली. त्या उत्तर आयर्लंडच्या. शाळेत मुलांना विज्ञान आणि मुलींना स्वयंपाक-शिवण, अशी वाटणी झाली, तेव्हा त्यांचे आईवडील शाळेत जाऊन भांडले आणि लेकीला विज्ञानाच्या वर्गात बसवून आले. पुढे केंब्रिजला शिकताना साडेचार एकरांत हजारावर खांब रोवून, तारा ओढून दुर्बीण उभी केली, त्यात या बाईंनी स्वतः घण चालवला. १९६७ साली त्याच दुर्बिणीवर त्यांना पल्सार नावाच्या ताऱ्याची पहिली खूण सापडली. १९७४ चे नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना मिळाले, यांना नाही. २०१८ मध्ये त्यांना तीस लाख डॉलरचे बक्षीस मिळाले. ते सगळे त्यांनी, ज्यांना या विद्येची वाट सहजी मिळत नाही अशा मुलामुलींच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकले. त्याच पल्सारांचा अभ्यास आज आपल्या खोडदला चालतो.

सगळ्या शिवारात एकच वाण पेरले, तर एकच रोग सगळे पीक नेतो, हे आपण जाणतो. आपल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी नाना गावठी वाणांचे बी राखले ते काही उगाच नाही. विज्ञानाचेही तसेच आहे. तारेचा ताण हाताने जाणणारी मुलगी तेथे हवी, ठाकरवाडीतला मुलगा हवा. पायाने अधू असलेले लेकरूही हवे. आकाशाचे आकडे वाचायला धडधाकट पाय लागत नाहीत.

तेव्हा तुमचे मूल आठवी-नववीत असेल तर गुरुजींना भेटा. इस्रोने २०१९ साली सुरू केलेल्या 'युविका' या सुटीतील वर्गाची चौकशी करा. त्याच्या निवडीत ग्रामीण शाळेतील मुलांना जादा गुण ठेवले आहेत. एकदा लेकराला खोडद दाखवून आणा.

आणि लेकीने काही विचारले, तर शाबासकी देऊन विसरू नका. ती चूक मी केली आहे.