नुकसान कोण सोसतो?

सायबर सुरक्षेच्या कामात शिरलेल्या माणसाला पहिली काही वर्षं नुकसान दिसतं ते यंत्राच्या रूपात. सर्व्हर बंद पडला, लॉगमध्ये अनोळखी पत्ता उमटला, पॅच लावायचा राहिला. माझ्याही कामाची सुरुवातीची वर्षं याच नजरेने गेली. पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात तेच नुकसान ताळेबंदातली रक्कम म्हणून भेटलं. अशा शिक्षणाचा फायदा काय, असं विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: संचालक मंडळाला कळेल अशा शब्दांत बजेट मागता येतं. मला हे उत्तर फार तोकडं वाटतं. सादरीकरण सुधारण्यासाठी कुणी दोन वर्षं आणि लाखो रुपये खर्च करण्याची गरज नाही. अर्थशास्त्र आणि हिशेबशास्त्र सुरक्षेच्या माणसाला याहून मोलाचं काही देतात. घडलेलं नुकसान अखेर कोणाच्या खिशातून भरलं जातं, हे प्रत्येक वेळी विचारायची शिस्त देतात. आणि माझी खात्री आहे, की सुरक्षा कुठे ढिली पडणार हे तंत्रज्ञानापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावरून अधिक लवकर कळतं.

केंब्रिज विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी २००१ साली एका निबंधात हे नेमकं मांडलं. त्यांचं उदाहरण एटीएमचं होतं. अमेरिकेत ग्राहकाने ‘हे पैसे मी काढले नाहीत’ असं म्हटलं, की तो खोटं बोलतोय हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर असे. ब्रिटनमध्ये बराच काळ उलट होतं. आमची यंत्रणा चुकत नाही असं बँका म्हणत आणि ग्राहकाला ते खोडून काढावं लागे. वरवर पाहता ब्रिटिश बँका मजेत असायला हव्यात. पण त्यांनी सुरक्षेवर अधिक खर्च करूनही फसवणूक तिथेच जास्त झाली. तक्रार गांभीर्याने घेण्याचं कारणच नसल्यामुळे त्यांचे कर्मचारी बेफिकीर झाले होते. तंत्र दोन्हीकडे जवळपास सारखं होतं; फरक होता तो भुर्दंड कोणावर, यात. सांकेतिक लेखनाच्या, म्हणजे क्रिप्टोग्राफीच्या, कितीही सखोल अभ्यासातून हा निष्कर्ष निघाला नसता.

लोकांची पतविषयक माहिती गोळा करून विकणाऱ्या एक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीचं प्रकरण याच नजरेने वाचून पाहावं. तिच्या वापरातल्या ‘अपाचे स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधली त्रुटी २०१७च्या मार्चमध्ये जाहीर झाली, तिचा पॅचही उपलब्ध होता. तो सगळीकडे लावला गेला नाही, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. तपासात हेही पुढे आलं, की जाळ्यातली वाहतूक तपासणाऱ्या उपकरणाचं प्रमाणपत्र मुदत संपून पडून होतं, त्यामुळे चोरी होत असताना ते उपकरण आंधळं होतं. तंत्रज्ञ इथे थांबतो आणि पॅच व्यवस्थापनावर टिपण लिहितो. ते टिपण हवंच. पण ज्यांची माहिती गेली त्यांतले बहुसंख्य लोक त्या कंपनीचे ग्राहक नव्हते. कंपनीला पैसे देत होत्या त्या कर्ज देणाऱ्या संस्था. नाराज होऊन दुसरीकडे जाण्याचा मार्ग ज्यांना नाही, त्यांच्या माहितीची राखण मागे पडणारच. २०१९ साली कंपनीला किमान ५७.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली, म्हणजे भुर्दंड कंपनीच्या खात्यात आला तो नियामकांनी ओढून आणल्यावर.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. व्यवस्थापनाचं शिक्षण सुरक्षेच्या माणसाला कंपनीच्याच नफ्यातोट्यात विचार करायला लावेल, मग सामान्य माणसाची बाजू कोण घेणार? मेरीलँड विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधल्या गॉर्डन आणि लोएब यांचं २००२चं प्रारूप या भीतीला बळ देतं. त्यांच्या गृहीतकांनुसार, सुरक्षेवरचा किफायतशीर खर्च अपेक्षित नुकसानीच्या सुमारे ३७ टक्क्यांपलीकडे जात नाही. कंपनीचं स्वतःचं नुकसानच किरकोळ असेल, तर त्याचे ३७ टक्के म्हणजे काहीच नाही. पण ही उणीव दाखवणारी संकल्पनाही त्याच वर्गात शिकवली जाते: एकाच्या व्यवहाराचा तिऱ्हाइतावर पडणारा भार. २०१५ साली खुद्द गॉर्डन-लोएब यांनी सहकाऱ्यांसह हा भार धरून आपलं प्रारूप सुधारलं. ताळेबंद वाचता येणाऱ्यालाच त्यात काय गाळलं आहे ते बोट ठेवून दाखवता येतं.

दुसरा आक्षेप मला अधिक पटतो. विम्याची आणि वित्ताची गणितं भूतकाळाच्या सरासरीवर उभी असतात. पाऊस शेतकऱ्याचा बांध पाहून दिशा बदलत नाही, हल्लेखोर बदलतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेल्या हल्ल्यात २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले आणि नंतर स्विफ्ट या आंतरबँक संदेशयंत्रणेमार्गे हाँगकाँगला रक्कम वळवली गेली. एकूण आकडा सुमारे ९४ कोटी रुपये. कोणत्या सरासरीने याची शक्यता सांगितली असती? म्हणून सुरक्षेच्या माणसाने वर्गात नुसतं शिकू नये, सरासरीची ही मर्यादा तिथे ठासून सांगावीही. ज्याला वाचनातूनच अर्थशास्त्र साधतं, त्याने पदवीच्या मागे लागू नये, हेही मी मानतो.

भुर्दंड कोणावर, या मूळ प्रश्नाकडे परतायचं तर, आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ठरवलं, की बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना, व्यवस्थेतल्या त्रुटीमुळे खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकाने ३ कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काहीच भार येणार नाही. बँक स्वतः निष्काळजी असेल तर ग्राहकाने कळवलं की नाही हेही पाहिलं जात नाही. आणि दायित्व ग्राहकाचं आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. या नियमाने आपल्या बँकांच्या सुरक्षाविभागांना जे बळ दिलं, ते कोणतंही उपकरण देऊ शकलं नसतं असं माझं मत आहे. या व्यवसायातून व्यवस्थापनाकडे वळणाऱ्या तरुणांना माझी एकच विनंती आहे. उद्या तुमच्यासमोर जोखीम स्वीकारल्याचा कागद सहीसाठी येईल, तेव्हा ती स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाखाली ती भोगणार कोण, हेही लिहायला लावा.